द्रोणपुष्पी: बांधावरचं पांढरं फूल आणि साप चावल्यावरचा तो फॉरवर्ड

पावसाळा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायटी ग्रुपांवर दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. एक असतो पार्किंगमध्ये निघालेल्या सापाचा. दुसरा एका पांढऱ्या फुलांच्या रोपट्याचा. त्याच्याखाली मजकूर असतो की हिचं नाव द्रोणपुष्पी, साप चावल्यावर हिच्या पानांचा रस पाजा, दोन थेंब नाकात घाला, नागाचं विषही उतरतं. हा मेसेज पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

पहिल्या फोटोतला साप बहुतेक वेळा धामण किंवा दिवड निघतो, म्हणजे बिनविषारी. दुसऱ्या मेसेजबद्दल तेवढं निश्चिंत राहता येत नाही. त्यातली वनस्पती खरी आहे, तिचं नाव खरं आहे, आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये तिचा उल्लेखही आहे. म्हणूनच तो मेसेज पटतो. ही वनस्पती नेमकी कोण, ती कुठे उगवते, आणि सापाच्या विषाशी तिचा संबंध कसा जोडला गेला, ते पाहू.

ओळख कशी पटवायची

द्रोणपुष्पी ज्या प्रजातीत मोडते तिचं शास्त्रीय नाव ल्यूकस. ग्रीक भाषेत 'ल्यूकोस' म्हणजे पांढरा. हे नाव रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1810 साली दिलं, तेही ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींवरच्या एका लॅटिन ग्रंथात. शाळेत 'ब्राउनियन गती' शिकलेल्यांना हा माणूस आठवेल. परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात थरथरताना पाहून ती गती नोंदवणारा तो हाच.

ल्यूकसच्या जगात शंभरेक जाती आहेत. आफ्रिका, अरबस्तान, भारत, चीन आणि पुढे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्या आहेत. भारतात चाळीसच्या आसपास जाती सापडतात. कुळ तुळशीचं, म्हणजे लॅमिएसी. पुदिना, सब्जा, पानओवा, पिझ्झावरचा ओरेगॅनो हे सगळे याच कुळातले.

या कुळाची खूण बोटांनी कळते. खोड गोल नसतं, चौकोनी असतं. दोन बोटांत धरून फिरवलं की कडा लागतात. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते. एवढं तुळशीतही दिसेल. ल्यूकस वेगळी पडते ती फुलांमुळे. पानांच्या बगलेत, खोडाभोवती गोल कडं केल्यासारखा फुलांचा झुबका असतो आणि त्यातून पांढरीशुभ्र, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची फुलं डोकावतात. फुलाला दोन ओठ असतात. वरचा ओठ टोपीसारखा वळलेला आणि त्यावर पांढरी दाट लव; भिंग असेल तर बघाच, लोकरीची टोपी घातल्यासारखं दिसतं. खालचा ओठ मोठा, पसरट, पुढे आलेला.

ही रचना मधमाशीसाठी असते. माशी खालच्या ओठावर उतरते, मधासाठी नळीत डोकं घालते, आणि वरच्या टोपीखाली लपलेले चार पुंकेसर तिच्या पाठीवर पराग चोळतात. पुढच्या फुलात शिरताना तोच पराग तिथल्या स्त्रीकेसराला लागतो. नळीच्या तळाशी खरंच गोड थेंब असतो. गावाकडे लहानपण गेलेल्या अनेकांनी ही फुलं उपटून चोखलेली असतात, नाव माहीत नसतानाही.

फूल गळून पडलं की मागे हिरवी, दातेरी काठाची वाटी उरते. तिच्या तळाशी चार बारीक बिया. 'द्रोणपुष्पी' या संस्कृत नावातला द्रोण म्हणजे आपला पानांचा द्रोणच. फुलाचा आकार पाहिला की ते नाव लगेच पटतं.

आपल्या भागात सगळ्यात जास्त भेटते ती ल्यूकस ॲस्पेरा. 'ॲस्पेरा' म्हणजे खरखरीत, आणि पानांवरून बोट फिरवलं की ते समजतं. ही फूट-दीड फूट वाढते आणि तिला खोडभर फुलांची कडी लागतात. दुसरी ल्यूकस सेफॅलोटेस. ही जरा उंच, पानं रुंद, आणि शेंड्यावर एकच मोठा गोल गेंद. 'सेफॅलोटेस' म्हणजे डोकंवाली. मुरबाडच्या बाजूने नाणेघाट किंवा माळशेजकडे चढायला लागलं की आणखी जाती लागतात. त्यांतल्या एकदोघींना 'बुरुंबी' म्हणतात. बुरुंबीतली ल्यूकस स्टेलिजेरा ही नावाप्रमाणे ताऱ्याची: फूल गळल्यावर तिची वाटी चांदणीसारखी पसरते.

एक नात्यातली वनस्पती मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. पडीक जागेत, ढिगाऱ्यांवर पुरुषभर उंच वाढणारी, काटेरी चेंडूंतून नारिंगी फुलं काढणारी दीपमाळ. मूळची आफ्रिकेतली, तुळशीच्याच कुळातली आणि त्यातही ल्यूकसच्या जवळची. रंग आणि उंची बाजूला ठेवली तर खोडाभोवतीची कडी तीच.

नावांचा घोळ

मराठीत द्रोणपुष्पीला कुंभा, देवकुंभा, तुंबा, शेतवड अशी नावं आहेत. गावागणिक बदलतात. एकच नाव दोन जातींनाही चालतं. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, लोकांची नावं अशीच असतात. पण कुणी फोनवर 'कुंभ्याचा पाला आण' म्हणालं तर घोटाळा होऊ शकतो, कारण कुंभा नावाचं एक मोठं झाडही सह्याद्रीत सगळीकडे आहे. त्याचा या रोपट्याशी काही संबंध नाही.

'तुंबा' तर त्याहून अवघड. मराठीत तुंबा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं भांडंही. राजस्थानात तुंबा म्हणतात ते कडू इंद्रावणाला. वाळवंटात पसरणारा, कलिंगडाच्या नात्यातला वेल, ज्याचं फळ जहाल रेचक आहे. हिंदीतून मराठीत आलेल्या फॉरवर्डमध्ये 'तुंब्याचा रस' असं लिहिलेलं असेल तर कुठला तुंबा, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हिंदीत द्रोणपुष्पीला गूमा म्हणतात.

दक्षिणेत हेच नाव थोडं बदलून सगळीकडे आहे. कन्नडमध्ये तुंबे, तमिळमध्ये तुंबै, मल्याळममध्ये तुंबा, तेलुगूत तुम्मी. कर्नाटकात तुंबेचं फूल शंकराला वाहतात. प्राचीन तमिळ काव्यात योद्धे हे फूल माळून रणात उतरत, आणि तोलकाप्पियम या जुन्या व्याकरणग्रंथात आमनेसामनेच्या युद्धाच्या काव्यप्रकाराला 'तुंबै' हेच नाव आहे. एवढंसं फूल, आणि मान केवढा.

मग सापाच्या विषाचं काय?

साप चावल्यावर द्रोणपुष्पी वापरण्याची समजूत भारतात अनेक ठिकाणी आहे, आणि ती जुनी आहे. व्हॉट्सॲपने ती जन्माला घातलेली नाही, फक्त शहरात आणली. मला तिचं एक साधं कारण दिसतं. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंवर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात दर वर्षी सरासरी 58,000 माणसं साप चावून गेली, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. नेमक्या याच महिन्यांत द्रोणपुष्पी उगवते आणि वाढते, तीही तिथेच: शेताच्या बांधावर, गोठ्यामागे, पायवाटेच्या कडेला. माणसाला साप चावतो तेव्हा हाताशी जे हिरवं असतं, ते हे. वास उग्र, चव कडवट, म्हणजे औषधच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं.

समजूत टिकली कशी, याचं उत्तर सापांकडे आहे. भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, नानेटी यांपैकी काही चावलं तर पाला चोळा, मंत्र म्हणा किंवा नुसते बसून राहा, माणूस बराच होणार. कवड्या साप तर मण्यारीसारखाच पट्टेरी दिसतो, आणि 'मण्यार चावली तरी वाचला' या कित्येक गोष्टींमागे तोच असावा. शिवाय खरा विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरड्या दंशात दात लागतात, विष जात नाही. या सगळ्या बऱ्या झालेल्यांचं श्रेय पाल्याला मिळतं. जे वाचले नाहीत, त्यांच्याबद्दल 'उशीर झाला' किंवा 'नशीब' असं म्हटलं जातं. पाल्याच्या खात्यावर फक्त जमाच होत राहते.

प्रयोगशाळेत द्रोणपुष्पीवर काम झालेलं आहे, हे सांगायला हवं. तिच्या अर्कातले काही घटक वेगळे काढून नागाच्या विषासोबत उंदरांवर तपासले गेले आणि काही परिणाम दिसलेही. फॉरवर्डमध्ये 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असं लिहितात ते अशाच शोधनिबंधांच्या जोरावर. पण द्रावकांनी काढलेला, शुद्ध केलेला, मोजून टोचलेला घटक वेगळा आणि हातावर चुरडलेल्या पाल्याचा रस वेगळा. सर्पदंशाच्या अधिकृत उपचारांत या वनस्पतीला कुठेही जागा नाही.

त्यातही नाकात किंवा तोंडात रस घालणं हा भाग थेट धोक्याचा आहे. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर जातं. पापण्या जड होतात, मग गिळता येईनासं होतं. अशा माणसाच्या घशात ओतलेला कुठलाही द्रव श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो.

मण्यारीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पावसाळ्यात तिच्यामुळेच सगळ्यात जास्त फसगत होते. ती रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत जवळजवळ नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, डोळे उघडेनात, बोलणं जड होतं, आणि घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. तिचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. एकदा ते झालं की प्रतिविष देऊनही ती लगेच सुधारत नाहीत. टोकं पुन्हा तयार होईपर्यंत माणसाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागतं. म्हणजे इथे तासाचा हिशेब आहे. पाला शोधायला, वाटायला, पाजायला आणि 'फरक पडतोय का बघू' म्हणून थांबायला गेलेला वेळ नेमका तोच, ज्यात प्रतिविषाचा उपयोग झाला असता.

घोणसीचं वेगळंच. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटं तसंच ठेवतात. ते गोठलं नाही तर विष चढलं आहे, हे कळतं. इतकी साधी चाचणी, पण ती घरी करायची नसते.

प्रतिविष नेमकं असतं काय? सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला वाढत्या क्रमाने टोचतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तातून वेगळी करून शुद्ध केली की झालं प्रतिविष. महाराष्ट्रात या लशीसोबत परळच्या हाफकीनचं नाव कित्येक पिढ्यांना पाठ आहे. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप ओळखण्यासाठी तो मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. लहान मुलालाही मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. भारत सरकारनेही मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवून.

चावलाच तर

माणसाला शांत बसवा किंवा आडवं करा. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, हाड मोडल्यावर पट्टी लावून धरतात तसा. अंगठी, बांगडी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. 108 ला फोन करा, किंवा गाडी हाताशी असेल तर थेट जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात न्या. किती वाजता चावलं तेवढं लक्षात ठेवा. साप लांबून मोबाइलमध्ये टिपता आला तर ठीक, नाही तर त्यासाठी थांबू नका.

घरात कुणी आजी-आजोबा पाल्याचा आग्रह धरत असतील तर वाद घालत बसू नये. हवा तर पाला खिशात घ्या आणि गाडीत बसा.

कावीळ आणि बाकीचे दावे

द्रोणपुष्पीचा दुसरा लोकप्रिय फॉरवर्ड काविळीचा. रसाचे थेंब डोळ्यांत किंवा नाकात घालायचे, पिवळेपणा जातो. आयुर्वेदात कामला, म्हणजे कावीळ, या विकारात तिचा वापर सांगितलेला आहे, आणि वैद्याकडे जाऊन त्याच्या देखरेखीखाली उपचार घेणं ही वेगळी गोष्ट. दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते. इथेही श्रेय शेवटच्या उपायाला जातं. पण ई प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, आणि पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ कुठल्याच थेंबांनी जात नाही. रस्त्याकडेच्या रोपट्याचा न गाळलेला रस डोळ्यांत घालण्याबद्दल तर काही बोलायलाच नको.

हिचं खरं घर

औषधाचं ओझं उतरवलं की द्रोणपुष्पी अधिक मजेची वाटते. खरीप पिकातलं ते एक तण आहे. शेतकरी तिला खुरपून काढतो, आणि त्याच्या घरात कोवळे शेंडे निवडून भाजीही होते. कांदा, लसूण, मिरचीवर परतायची. किंचित कडवट लागते, म्हणून काही जण उकळून पाणी काढतात, काही मूगडाळ घालतात. ऑगस्टमध्ये जागोजागी कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. रानभाज्यांची खरी ओळख करून घ्यायची ती तिथे, पाला आणणाऱ्या बायकांकडून. फोटो बघून भाजी खुडायला जाऊ नये.

डोंबिवली, कल्याण, ठाण्यात मल्याळी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, आणि त्यांना हे फूल वेगळ्याच कारणासाठी हवं असतं. ओणमला दारात काढतात त्या फुलांच्या रांगोळीत, पूक्कळममध्ये, तुंबाचा मान मोठा. साधं, पांढरं, महाबलीला आवडणारं फूल अशी त्याची गोष्ट सांगतात. कल्याणच्या फूलबाजारात झेंडू आणि शेवंती पोत्यांनी मिळते, तुंबा सहसा मिळत नाही. इतकं बारीक आणि लगेच गळणारं फूल विकणार कोण? ते स्वतःच खुडावं लागतं. आणि खुडायला बांध लागतो. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंची भातशेतं टॉवरखाली गेली तसा तो बांधही गेला.

तरी ती पुरती गेलेली नाही. टिटवाळ्याच्या पुढे, मलंगगडाच्या पायथ्याच्या शेतांत, बारवी धरणाच्या रस्त्याला ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ती फुललेली असते. येऊरलाही दिसेल, पण तिथलं जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, फूल-पान काहीही तोडायला बंदी आहे, फोटो काढा. घरी लावायची असेल तर शेताच्या मालकाला विचारून डिसेंबरमध्ये एक वाळलेलं रोप उपटून आणा. कडी हातावर उलटी झटकली की वाट्यांतून काळपट तपकिरी बिया पडतात. त्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि जूनचा पहिला पाऊस पडला की कुंडीतल्या मातीवर नुसत्या भुरभुरायच्या. ओणमपर्यंत फुलं येतात, आणि खिडकीत मधमाश्याही.